वाचून दाखवलं, बरोबर आहे

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि माझ्याच्यानं अजून चार ओळी झालेल्या नाहीत. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सुमन, तू लिही. तुझ्या आजोबांवर छोटंसं पत्रक काढू, लोकांना वाटू." मी हो म्हटलं. माझ्या हातचा मळ. बसले आणि दहा मिनिटांत लिहून मोकळी झाले. 'गोरगरिबांचा आधारवड', 'लेखणीचा निष्कलंक सेवक', 'मराठवाड्याच्या मातीचा सुपुत्र'. लिहून झाल्यावर सवयीनं उठले आणि कागद घेऊन तुमच्या खोलीकडं निघाले. दारात पोचल्यावर आठवलं, ऐकायला कुणी नाही.

तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "आधारवड काढ. मी चिंचेखाली बसायचो. आणि सुपुत्र पण काढ, माझी आई मला असं कधी म्हणाली नव्हती."

तो कागद फाडला. त्यानंतरचे चार-पाचही फाडले. घरात माणसं येतात, तेच विचारतात, आई तेच सांगते. मी चहाचे कप विसळते. कालपर्यंत मला रडूही नीट आलं नाही, नुसता शीण यायचा, हातापायांत ओली वाळू भरल्यासारखा. म्हणून आता पत्रक नाही. हे तुम्हालाच लिहिते आहे.

तुमची उतरत्या झाकणाची लिहायची पेटी अजून खोलीत गादीच्या पायथ्याशी आहे. झाकण उघडलं तर रॉकेलचा वास आला. तहसील कचेरीसमोर तुमच्यासारखे लोकांचे अर्ज लिहून देणारे सहा-सात अर्जनवीस बसायचे, पण अंगठा घेतल्यावर समोरच्याचा अंगठा रॉकेलच्या बोळ्यानं स्वतः पुसून देणारे तुम्ही एकटेच. बाकीचे म्हणायचे, लावा धोतराला. तुम्ही म्हणायचात, घरी जाऊन भाकरी मोडायचीय त्याला, शाईचं बोट घेऊन कसा जेवेल.

आणि तुमचं ते वाचून दाखवणं. अर्ज लिहून झाला की तुम्ही तो मोठ्यानं वाचायचात, सावकाश, एकेक ओळ. मग कागद पालथा घालून म्हणायचात, "आता तू सांग, काय लिहिलंय." समोरचा बावरायचा. म्हणायचा, "तुमीच लिवलं की साहेब." "मी लिहिलं, पण तुझं आहे. सांग." तो अडखळत सांगायचा. लिहिलेलं आणि सांगितलेलं जुळलं नाही तर कागद टराटरा फाटायचा आणि नवा निघायचा. जुळलं तरच शेवटची ओळ पडायची: वाचून दाखवलं, बरोबर आहे. मग अंगठा. शेजारचे अर्जनवीस ती ओळ सगळ्यात आधी लिहून ठेवायचे, सकाळीच, वीस-पंचवीस कागदांवर, आणि वरचा मजकूर मग भरायचे. त्यांचे सहा अर्ज व्हायचे तोवर तुमचे दोन.

फुलंब्रीचा तो म्हातारा आठवतो का, चोरीला गेलेल्या म्हशीचा? तुम्ही वाचून दाखवलं तर म्हणाला, "म्हैस काळी हाय त्ये लिवलं नाय."

"बाबा, म्हैस काळीच असते."

"आमची लईच काळी हाय साहेब."

तुम्ही कागद फाडलात आणि 'अतिशय काळी म्हैस' असं लिहिलंत. मी हसत सुटले. कारण आदल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या पत्रकातली अकरा विशेषणं लाल पेन्सिलीनं उडवली होती. मी म्हटलं, "माझी काढता आणि त्याचं घालता?"

"त्याचं विशेषण त्याचं आहे. त्यानं ती म्हैस रोज धुतलीय. तुझी विशेषणं तू कुठून आणलीस?"

मी कुठून आणली, ते तुम्हाला ठाऊक होतं. मी पत्रकांवर वाढले. बाबांच्या चळवळीचे गठ्ठे खाटेखाली, मांडणीवर पत्रकं अंथरलेली, पिठाच्या डब्याखाली 'चलो मोर्चा'. मला ग म भ न आधी आलं की 'बंधूंनो आणि भगिनींनो' आधी आलं, हे आई अजून खात्रीनं सांगू शकत नाही. विसाव्या वर्षी गुलमंडीतल्या त्या अंधाऱ्या खोलीत सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवताना मला वाटायचं, आता फक्त जोर लावायचा, जग हलेल. तुम्हाला मी मनातल्या मनात 'समझोतेवाले' म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हणाले. तुम्ही किराण्याची यादी उर्दूत लिहीत होतात, आणि मी म्हटलं, पोलीस ॲक्शनला इतकी वर्षं झाली, निजाम गेला, तुमच्या हातातून त्याची लिपी कधी जायची?

तुम्ही यादी पुरी केलीत. तूरडाळ, गूळ, काडेपेटी. मग म्हणालात, "निजाम किराणा लिहायचा का गं कधी?"

हा वाद तेवढ्यावरच राहिला. त्या यादीचा कागद काल पेटीत सापडला. आम्हा कुणालाच वाचता येत नाही. तूरडाळ, गूळ, काडेपेटी हे मला आठवतंय म्हणून, नाहीतर ते काहीही असू शकतं.

आता मला कौसाबाईचं लिहावं लागेल. ते टाळत टाळत इथवर आले.

दोन सालं पाऊस नाही. मुकुंदवाडीच्या पुढं खडी फोडायचं सरकारी दुष्काळी काम निघालं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिथं हातोडी घेऊन उन्हात बसायला लागल्या. मी गेले वही घेऊन. सगळ्यांत आधी माझ्याशी बोलली ती कौसाबाई. पन्नाशीची, एकटी, बोटं खडीच्या कपच्यांनी चिरलेली. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. प्यायचं पाणी दुपारीच संपतं. आणि तान्ही पोरं उन्हात झोळीत लोंबतात, त्यांच्यापुरता चार पत्र्यांचा आडोसा पाहिजे. बस. मुकादमाबद्दल ती काही बोलली नाही. त्याच्याबद्दल दुसऱ्या बायका आपसात बोलत होत्या, की तो हात लावतो, कौसाबाईलाही लावला. मी कान देऊन ऐकलं.

यंत्र त्या दिवशी एकच तास मिळणार होतं. मजकूर ठरायला वेळ लागणार, म्हणून मी कोऱ्या कागदावर बायकांचे अंगठे आधीच घेऊन ठेवले. परत येऊन वर लिहिलं. 'मी कौसाबाई. या अमानुष नरकात मुकादम आम्हा अबलांच्या अब्रूवर हात टाकतो. माझ्यावरही टाकला.' तिच्या नावानं, तिच्या तोंडून. एक प्रत कामावरच्या साहेबांकडं, बाकीच्या गावोगाव वाटल्या. खरं सांगते, मला वाटलं होतं मी आजवरचं सगळ्यात खरं लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी कौसाबाईला कामावरून काढलं. मुकादम राहिला.

मी घरी येऊन तावातावानं सांगितलं. आता दुसरं पत्रक, आणखी कडक. तुम्ही जेवत होतात. ताट सारलंत आणि पहिलं पत्रक मागितलंत. दोनदा वाचलंत.

"हे तिनं सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"ते विचारलं नाही मी. तिनं सांगितलं का?"

"अण्णा, हे खरं आहे!"

"असेल. खरं असेल. तिला वाचून दाखवलंस?"

मग तुम्ही विचारलंत, अंगठा आधी घेतला की मजकूर आधी. मी खोटं बोलले नाही, एवढंच. तुम्ही बराच वेळ हात धुतला नाहीत, बोटांवरचं वरण वाळत होतं. मग म्हणालात, "उद्या जा आणि तिला वाचून दाखव. ती म्हणेल ते ऐकून ये."

मी पेटले. सगळं काढलं मी त्या दुपारी. तुमचं सावकाश वाचणं, तुमचे दिवसाला दोन अर्ज, हुजुरांची मर्जी सांभाळणारी भाषा. म्हटलं, तुमच्यासारखं वाचत बसले तर क्रांती व्हायला शंभर वर्षं लागतील. तुम्ही ऐकून घेतलंत. आणि मग ते सांगितलंत, जे तुम्ही बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"पोलीस ॲक्शननंतरचे दिवस," तुम्ही म्हणालात. "कचेरीसमोर जत्रा भरायची. कालपर्यंत ज्यांच्या धाकानं लोक दारं लावून बसले, त्यांच्याविरुद्ध अर्ज. लोकांनी सोसलं होतं सुमे, ते मी कमी लेखत नाही. मी पाहिलंय. पण मागं तीस-तीस माणसं उभी. प्रत्येकाचं ऐकायला वेळ कुठं? एक मजकूर पाठ झाला होता. अमुक गावचा अमुक इसम रझाकारांत सामील होता, त्यानं आमचं घर लुटलं. नाव बदलायचं, गाव बदलायचं, अंगठा घ्यायचा. पुढचा. एक शेतकरी आला. लांबण लावून सांगायला लागला. मी म्हटलं, नाव सांग. म्हणाला, दगडू पिंजारी. गाव? तेही सांगितलं. तो पुढं बोलतच होता. मी अंगठा घेतला आणि म्हटलं, हो बाजूला. महिन्याभरानं तोच माणूस पुन्हा आला. म्हणाला, साहेब, आमचा गवाह का धरून नेला? दगडूला त्या लोकांनी मानगूट धरून ओझी वाहायला नेलं होतं. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. हा माणूस मला साक्षीदाराचं नाव सांगत होता, सुमे. मी त्याचा आरोपी केला."

तुम्ही नवा अर्ज लिहिलात. कुणी घेईना. आठ महिने खेटे घातलेत. आठ महिन्यांनी दगडू सुटला. "घरी गेला तर त्याची कापूस पिंजायची कमान कुणीतरी चुलीत घातली होती," तुम्ही म्हणालात. "त्या दिवसापासून मी वाचून दाखवतो. तोवर मीही बाकीच्यांसारखाच होतो."

दगडूभाई. जो दर हिवाळ्यात खांद्यावर कमान टाकून आपल्या गाद्या पिंजायला यायचा. तो दारात आला की तुम्ही उठून उभे राहायचात. तहसीलदार आले तरी बसल्या जागेवरून नमस्कार करणारे तुम्ही. मी लहानपणापासून ते बघत आले आणि मला वाटायचं, तुमचे गुडघे दुखतात, म्हणून अधूनमधून उठता.

तुम्ही एवढं सांगितलंत आणि मी काय म्हणाले, ते इथं लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, "तुमच्या हातानं बिनगुन्ह्याचा माणूस तुरुंगात गेला, आणि तुम्ही मला धडे देता?"

"खरंय," तुम्ही म्हणालात. "पण कौसाबाईकडं जाऊन ये."

मग उठून हात धुतलात.

त्यानंतर चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही घरात असाल तेव्हा मी बाहेर, तुम्ही झोपलात की मी घरात. कौसाबाईकडंही गेले नाही. आईला सांगितलं, कामं आहेत. कामं नव्हती. गुलमंडीच्या खोलीत बसून मी दुसऱ्या पत्रकाची पहिली ओळ लिहायचे आणि खोडायचे. मला भीती वाटत होती, अण्णा. पोलिसांची कधी वाटली नाही तेवढी त्या बाईच्या तोंडाकडं बघायची भीती. पाचव्या दिवशी दुपारी शेजारचे काका सायकल मारत खोलीवर आले. आत न येता दारातच उभे राहिले. जेवून तुम्ही आडवे झाला होतात आणि चहाला उठलाच नाहीत.

म्हणजे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं ते. ते मला परत घेता येत नाही. तुमच्याकडं असं एखादं वाक्य आलं असतं, तर तुम्ही कागद फाडून नवा काढला असता.

काल दहावा झाला आणि दुपारी मी सायकल काढली. कुणाला सांगितलं नाही. कौसाबाई घरासमोर बाभळीच्या काट्यांची मोळी बांधत होती. मला बघून तिनं दोर सोडला नाही.

"आलीस व्हय? म्हन्लं, पत्रकवालीला दुसरी कौसाबाई गावली आसंल."

मी म्हटलं, "माझे आजोबा गेले, मावशी."

तिचा हात थांबला. "पांढऱ्या टोपीचा? काठीवाला? म्हातारा गेला? आरं देवा." तिनं मोळीवर बसकण मारली. "पंधरा दिस बी झालं नसत्याल, येऊन गेला माझ्याकडं."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. तुम्ही आला होतात. टांग्यानं, भर उन्हात, मी तुमच्याशी बोलत नव्हते त्या चार दिवसांत. तिच्या ओट्यावर बसून पाणी प्यालात.

"काय म्हणाले?"

"म्हन्ले, माझ्या नातीनं तुझ्या नावानं लिव्हलंय. म्या म्हन्लं, व्हय, त्याच्यापायीच घरी बसलेय. मंग म्या म्हन्लं, बाबा, वाचा तरी, काय लिव्हलंय त्ये. गावात पोरं वाचत्यात आन हासत्यात, मला कुनी नीट सांगंना. तर म्हातारा म्हन्ला, म्या नाय वाचनार. जिनं लिव्हलं ती वाचंल. ती यील. म्या म्हन्लं, कशाची येतीय. तर म्हन्ला, यील ती. उशीर करंल, पन यील. एवढंच सांगाया आलो."

अण्णा, मी तिच्या अंगणात उभी राहून रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. कौसाबाईनं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं का? आता वाच."

मी वाचलं. स्वतःचं लिहिलेलं इतकं जड मी कधी वाचलं नव्हतं. 'अमानुष'ला तिनं थांबवलं.

"ह्ये काय असतं?"

"माणसासारखं नाही ते."

"कोन, मुकादम? मानूसच हाय की त्यो. म्हनून तर राग येतोय. कुत्रं असतं तर हाड म्हन्ले असते."

पुढच्या ओळीला मी स्वतःच थांबले. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. माझ्यावरही टाकला. ती बराच वेळ मोळीतली एक काटकी सोलत राहिली.

"ह्ये तुला म्या सांगितलं व्हतं?"

"नाही."

"मंग?"

"सगळ्यांना माहीत होतं, मावशी."

"सगळ्यांस्नी ठाव असलं, तरी त्ये माझंच हाय ना बाई? चावडीवरून जाते तवा पोरं काय इचारत्यात, तुला ठाव हाय? कौसाबाई, हात कुठं लागला? आसं. माझ्या लेकाच्या वयाची पोरं."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. "कोरा कागद आनलास का?" म्हणाली. आणला होता. तुमच्या पेटीतला. ती बोलत गेली, मी लिहीत गेले, एकही शब्द माझा न घालता. पाणी दिवसभर पुरलं पाहिजे. पोरांसाठी चार पत्रे. मला काढलं, ते परत कामावर घ्या, मी काही चुकीचं काम केलेलं नाही, माझी खडी मोजून बघा. वाचून दाखवलं. मग कागद पालथा घातला आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगा, काय लिहिलंय." ती हसली. "म्हातारा पन आसंच करायचा व्हय? सांगत व्हता मला." आणि तिनं घडाघडा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

"एक वळ मोकळी सोड खाली," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"त्या मुकादमासाठी. सांगायचं झालं तर साहेबाच्या म्होरं मीच सांगन, माझ्या तोंडानं. नाय झालं तर वळ कोरीच ऱ्हाईल. पन तू भरू नको."

मी ओळ सोडली. शाईची डबी उघडली. तिनं अंगठा मागं घेतला.

"आज नाय. परवा ये आन पुन्यांदा वाच. मागल्या बारीला लई घाई झाली."

घरी आले ती इतकी थकून की सायकल भिंतीला लावताना पडली, ती तशीच राहू दिली. मी किती पत्रकं लिहिली असतील, अण्णा? कुणाकुणाच्या नावानं? सगळ्यांकडं जायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. आणि मुकादम तिथंच आहे, सावलीत उभा राहून हजेरी घेतो आहे. माझा राग गेलेला नाही. तुमचा वाद मला सगळा पटलेला नाही, हेही सांगते, उगाच तुम्ही गेलात म्हणून हार मानणार नाही. कौसाबाईनं ती ओळ कधीच भरली नाही तर? उद्या दुसऱ्या बाईवर हात पडला तर? तेव्हा वाचून दाखवत बसणाऱ्यांचं काय? याला तुमच्याकडं उत्तर होतं का, ते मला विचारायचं होतं. आपण यावर महिनाभर भांडलो असतो. आईनं दोघांना जेवायला बोलावून बोलावून ताटं झाकून ठेवली असती.

आज सकाळी दगडूभाई आला. आईनं तुमची गादी त्याला द्यायची ठरवली होती. तिच्यातला कापूस त्यानंच इतकी वर्षं पिंजलेला. तो ओट्याच्या पायरीवर बसला. मी उठून उभी राहिले, का ते तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, "बैठो बेटी, मैं कोई बडा आदमी नै."

मी त्याला म्हटलं, अण्णांबद्दल लिहिते आहे, त्यात तुमचं नाव येतंय, तुम्हाला वाचून दाखवू का? तो चमकला. "बताये क्या तुमको?"

"हो."

"अच्छा किये. मेरेकू तो पच्चीस साल पहलेच बताये थे. तुरुंगातून सुटलो त्याच दिवशी, फाटकाच्या भाईर उभे होते. मी सलाम केला, म्हटलं वकील असतील कुणाचे. तर म्हणाले, मी तुझा अर्ज लिहिणारा."

मी त्याला तुमचं-त्याचं सगळं वाचून दाखवलं. तो गादीच्या कडेची शिवण बोटानं चाचपत ऐकत होता. चुलीत घातलेल्या कमानीशी आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"ये गलत है बेटी. कुणीतरी नाय घातली चुलीत. ती मीच जाळली."

"तुम्ही?"

"शेजाऱ्यानं तर जपून ठेवली होती बिचाऱ्यानं, माळ्यावर. मीच जाळली. तेव्हा वाटलं, अब किसके घर जाना? ज्यांच्या गाद्या शिवल्या त्यांच्यातलं एक माणूस नाय आलं बोलायला. नक्को म्हटलं हा धंदा. दुसऱ्या हिवाळ्यात अण्णा आले घरी, हातात नवी कमान. म्हणाले, माझी गादी पिंजून दे. मी म्हटलं, नाय. चार वेळा आले. पाचव्या वेळेला पिंजली." त्यानं गादीची गुंडाळी आवळली. "अण्णांना वाटायचं लोकांनी जाळली. मीबी कधी सांगितलं नाय. एवढे खेटे घातले त्यांनी माझ्यापायी. त्यांना अजून काय सांगायचं?"

म्हणजे अण्णा, तुमच्याही गोष्टीत एक ओळ तशीच राहून गेली होती. सगळ्यांना जन्मभर वाचून दाखवणाऱ्या तुम्हाला ती कुणी वाचून दाखवली नाही. मी त्याला विचारलं, दुरुस्त करू का, की फाडून नवं लिहू? तो म्हणाला, "फाडू नको. त्यांनी जैसा बोले वैसा रहने दो. त्याच्या खाली माझं लिव्ह." तसं लिहिलं आहे. पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाला, "हां. अब बराबर है."

त्यानं गादी डोक्यावर घेतली आणि गेला. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

उद्या सकाळी मुकुंदवाडीला जायचं आहे. कागद तुमच्या पेटीत ठेवला आहे, रॉकेलचा बोळा भिजवून घेतला आहे. कौसाबाई अंगठा देईल की आणखी एकदा ये म्हणेल, मला माहीत नाही. ये म्हणाली तर जाईन.

हेही सगळं एकदा मोठ्यानं वाचलं, तुमच्या खोलीत, सावकाश, तुम्ही वाचायचात तसं. मग कागद पालथा घालून थोडा वेळ थांबले. तुम्ही काही म्हणाला नाहीत. कुठं कुठं मी तुमच्या तोंडी माझे शब्द घातले असतील, ते आता मला कोण सांगणार? म्हणून तुमची ती शेवटची ओळ मी या कागदावर लिहीत नाही, अण्णा. खाली तेवढी जागा सोडली आहे.